सरसकट चौदा

रस्ता ओलांडताना बरोबर मधोमध माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एवढ्याशा गोष्टीला घटना म्हणायचं जिवावर येतं, पण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. मी वाकले, चप्पल हातात घेतली, सरळ झाले आणि समोर बघते तर सिग्नलमधला हिरवा माणूस लुकलुकायला लागलेला. मग तो गेलाच. गाड्या सुटल्या. एका गाडीवाल्याने काच खाली केली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता काच वर केली. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. एक पाय चपलेत, एक अनवाणी, अशी लंगडत मी पलीकडच्या फुटपाथवर चढले. लागलं काहीच नव्हतं. पण मनात काहीतरी खटकत राहिलं, घरातून निघताना एखादी वस्तू विसरल्यासारखं. सहा वर्षं मी या रस्त्यावर राहते. बसस्टॉप मागच्या फाटकाकडून जवळ पडतो, म्हणून पुढचा हा मोठा रस्ता रोज काही ओलांडत नाही. कधी औषधं आणायला, कधी रविवारी सहज. तरी या सिग्नलचा स्वभाव मला चांगला ठाऊक होता. सुस्त, कुणाला घाई न करणारा. त्याच्यासमोरून माणसं गप्पा मारत जायची, मधेच थांबून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, तरी वेळ उरायचा. आकडे दाखवणारी पाटी इथे नाही. किती वेळ उरलाय ते अंगालाच कळायचं, आणि त्या सकाळी अंगाचा अंदाज साफ चुकला होता. मी खांबाला टेकून पुढच्या फेरीची वाट बघत राहिले. हिरवा माणूस आला तशी मोजायला लागले, बाबांनी लहानपणी शिकवलं होतं तसं: एक सावकाश, दोन सावकाश, तीन सावकाश. आकड्यामागे सावकाश म्हटलं की बरोबर एक सेकंद भरतो, असं ते शाळेतल्या मुलांना सांगायचे. चौदा सावकाशला माणूस गेला. मी आणखी एक फेरी थांबले. पुन्हा चौदाच. तो चौदा माझ्या हातचा होता.

माझं काम सांगायला सोपं आणि ऐकायला कंटाळवाणं आहे. शहरातल्या सिग्नलचे प्रोग्रॅम आमचं ऑफिस सांभाळतं. माणसांना ओलांडायला वेगळा दिवा असलेले चौक एकशे शहाऐंशी, आणि प्रत्येक चौकाची एक फाइल. त्या सगळ्या एकोणीस वर्षांपूर्वी एकाच माणसाने लिहिल्या. तो आता निवृत्त झालाय. त्याला सगळे मागे सेमीकोलन म्हणायचे, कारण बोलता बोलता तो मधेच थांबायचा, आपल्याला वाटायचं संपलं, आपण उठायचो आणि मग तो पुढचं बोलायचा. तोंडावर अर्थात सर. सरांनी पहिल्या चौकासाठी बारा ओळी लिहिल्या, हिरवा माणूस कधी लावायचा, किती सेकंद ठेवायचा, कधी लुकलुकवायचा. त्या नीट चालल्या, म्हणून उचलून दुसऱ्या चौकात चिकटवल्या, मग तिसऱ्या, आणि असं करत करत एकशे शहाऐंशी. त्यामुळे एक टाचणी हलवायची तरी एकशे शहाऐंशी घरांची दारं ठोठावावी लागत. टीमलीडने मला सांगितलं की या बारा ओळी एकाच जागी ठेवा आणि बाकी सगळीकडून त्यांना नुसती हाक मारा. वागणं कुठलंच बदलायचं नव्हतं. फक्त आवरायचं होतं. मला आवरायला मनापासून आवडतं. लोक कपाट लावून शांत होतात, मी कोड लावून होते. एडिटरमध्ये एक शब्द धरायचा, एक कळ दाबली की तसाच पुढचा धरला जातो, आणखी दाबली की आणखी पुढचा. पडद्यावर रांगेने कर्सर उघडझाप करायला लागतात, आणि आपण एक अक्षर टाइप केलं की ते सगळ्या ठिकाणी एकदम उमटतं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चक्क हसले होते. वीस वर्षं झाली, अजून थोडं हसू येतंच.

तर त्या बारा ओळी जशाच्या तशा मी शोधायला टाकल्या, सगळ्या फाइलींमध्ये. उत्तर आलं, एकशे पंच्याऐंशी जागा. फाइली एकशे शहाऐंशी. इथे थांबायला हवं होतं. वेगळी निघालेली ती एक फाइल उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण जुन्या कोडचा मला अनुभव आहे, आणि माणसाचा अनुभव त्याला कधी गोत्यात आणेल सांगता येत नाही. अशा वेळी नव्व्याण्णव वेळा एखादी रिकामी जागा जास्तीची निघते, नाहीतर कुणीतरी ओळ अर्धं बोट आत सरकवलेली असते. मी शोधण्याची अट सैल केली. रिकाम्या जागा कितीही असोत, आणि हात लागलाच होता म्हणून आकड्याच्या जागीही कुठलाही आकडा चालेल अशी खूण टाकली. एकशे शहाऐंशी. आकडा जुळला की आमच्या धंद्यातल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. कशाशी जुळला हे तो नंतर बघतो, किंवा बघत नाही. मी 'सगळीकडे बदला'वर बोट ठेवलं. दोन हजार दोनशे बत्तीस ओळी गेल्या, त्यांच्या जागी एकशे शहाऐंशी आल्या. दहा चौक उचलून तपासले, दहाही बरोबर निघाले. टीमलीड माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, तो खुर्ची वळवून म्हणाला, "एक नंबर, मॅडम. अंगावरचं ओझं उतरलं." त्या दुपारी मी कॉफीत साखर जास्त घातली, एवढी खूश होते. बुधवारी तो बदल सगळ्या चौकांत गेला.

आणि आता त्यातल्याच एका चौकात मी तुटकी चप्पल धरून उभी होते. कुठल्या कामाला निघाले होते ते आठवायला मला थोडा वेळ लागला. बाबांसाठी दिवसभर घरात थांबणारी बाई बघायची होती. समोरच्या इमारतीत तशा बायका पुरवणारं एक ऑफिस आहे, तिथला फॉर्म भरायचा होता. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न हे एक प्रकरण होतं, ते संपलं, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. बाबा शाळेत पीटीचे शिक्षक होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडची मुलं सरळ उभी राहत. गेल्या वर्षी बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात काठी आली. त्या काठीवरून महिनाभर आमचं वाजलं होतं. पण चार महिन्यांनी ते पहिल्यांदा एकटे रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये गेले, आणि त्या दिवशी मला ऑफिसमध्ये फोन करून एवढंच म्हणाले, "वीस सेकंद." मग रोज दहाला ते सलूनमध्ये जायचे. केस कापायला नव्हे. केस आहेतच किती. तिथे त्यांची एक खुर्ची ठरलेली होती, आरशाच्या कडेची, आणि तिच्यात बसून पेपर वाचत ते सलूनवाल्याच्या प्रत्येक मताच्या विरुद्ध बोलायचे. बाराला परत. दिवसभरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. अकरा दिवसांपूर्वी ते जायचे थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "फार बोलतो तो. डोकं उठतं." मी घरी पेपर लावला. ते पेपर उघडायचे आणि पहिल्या पानावरच बसून राहायचे.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली, किंवा मी बघायला लागले. सकाळचा चहा तेच करायचे, तो बंद झाला. मी उठेपर्यंत स्वयंपाकघरात नुसते बसलेले असायचे. बाथरूमची कडी लावेनात. एकदा मी चुकून दार ढकललं तर आतून कधी नव्हे ते ओरडलेसुद्धा नाहीत. पॅसेजमध्ये चालायचे, भिंतीच्या कडेकडेने, इकडून तिकडे आणि परत, ओठ हलवत. मी म्हटलं, "बाबा, जरा हळू. पडाल." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच दुसरीकडे बघितलं. मला वाटलं, वय. दुसरं काय वाटणार? वय हा शब्द फार सोयीचा आहे, कुठल्याही आकड्याच्या जागी चालतो. शेवटी बाई ठेवण्याचा विषय काढला तेव्हा मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती, मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. ते म्हणाले, "बघ तुला बरं वाटेल तसं." एवढंच. काठीसाठी महिनाभर भांडलेला माणूस बाईला अर्ध्या मिनिटात हो म्हणाला, तेव्हा मी खरी घाबरले. आणि आता फुटपाथवर उभी राहून मी मनातल्या मनात दिवस मागे मोजत होते. बुधवारी बदल गेला. बुधवारी ते घरी उशिरा आले, हे दुपारच्या फोनवर कळलं होतं. गुरुवारी पुन्हा गेले. शुक्रवारपासून गेले नाहीत. बोटांवर मोजून झालं तरी मी बोटं पुन्हा मिटून पहिल्यापासून मोजली.

फॉर्मचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं आणि खालीच सलून. मी सलूनमध्ये शिरले. सलूनवाला एका गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावत होता. आरशातूनच त्याने मला ओळखलं, मग माझ्या हातातली चप्पल बघितली. "ताई, तुम्हीपण अडकलात काय मधे?" तो म्हणाला. मी विचारलं, आणखी कोण अडकलं? त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यांनी शपथ घातलीय, घरी सांगू नका म्हणून. पण आता तुम्ही विचारताय तर... दोन दिवस झालं तसं. पहिल्या दिवशी मधेच लाल झाला. गाड्या दोन्ही बाजूंनी. मीच पळत गेलो, हात धरून आणलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आत आले, खुर्चीत बसले. पाणी दिलं. मग मला विचारतात, मी मधे थांबलो होतो का? तुम्ही बघितलंत का, मी किती वेळ थांबलो होतो?" मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?" "मी काय सांगणार, ताई? माझं लक्ष इकडे दाढीत. म्हटलं, थांबला असाल थोडे, वय झालंय. हसत म्हटलं हो, वाईट म्हणून नाही." गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने आरशातून आमच्याकडे बघत होतं. आरशाच्या कडेची ती खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर कुणीतरी टॉवेलांची चळत ठेवली होती.

फॉर्म मी भरला नाही. कोपऱ्यावर चप्पल शिवून घेतली, ऑफिसला गेले आणि ती फाइल उघडली, म्हणजे तिचं बदलाच्या आधीचं रूप. आमच्याकडे जुनं सगळं जपून ठेवलेलं असतं; माणसांच्या बाबतीत तशी सोय नाही. बाराच्या बारा ओळी तशाच होत्या, फक्त पाचव्या ओळीत चौदाऐवजी तेवीस होते. शेजारी एक शब्दही लिहिलेला नव्हता. का तेवीस, कुणासाठी, कधी, काही नाही. मी सेमीकोलन सरांना फोन लावला. निवृत्तीनंतर दोन वर्षांत पहिल्यांदा, तोही स्वतःच्या कामासाठी, याची लाज वाटत होतीच. मी चौकाचं वर्णन केलं. म्हटलं, "सर, तिथे तुम्ही तेवीस ठेवले होते. बाकी सगळीकडे चौदा." पलीकडे शांतता. सवयीप्रमाणे मी थांबले.

"हो," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तिथे बायकोचा दातांचा डॉक्टर होता."

मला काहीच कळलं नाही.

"ती आत असायची तासभर. मी बाहेर कंटाळायचो. मग फुटपाथवर उभा राहून मोजायचो, कोण किती वेळात जातं. तरुण माणसं नऊ-दहा. बाळाची गाडी घेतलेल्या बाया पंधरा. एक आजोबा एकवीस. चार-पाच वेळा गेलो, चार-पाच वेळा मोजलं. मग ऑफिसात येऊन तेवीस केले." पुन्हा शांतता. "टीप लिहायची राहिली गं."

"पण सर, बाकीचे चौदा कुठून आले? तेही मोजलेले असतील ना?"

ते हसले. हसणं जरा खोकल्यात गेलं. "चौदा कुठून आले म्हणजे? पहिल्या चौकात टाकले होते, अंदाजाने. चालले. मग चिकटवत गेलो. मी जिथे उभा राहिलो असा तो एकच." ते संपलं असं समजून मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाले, "तू म्हणतेस तो वेगळा होता. अगं, तोच बरोबर होता. बाकीचे..." आणि या वेळी ते खरंच पुढे बोलले नाहीत.

फोन ठेवल्यावर मी पडद्यावरच्या यादीकडे बघत बसले. एकशे शहाऐंशी चौकांची नावं, प्रत्येकापुढे तीच एक ओळ, एका रेषेत, किती नीटनेटकी. दोन आठवड्यांपूर्वी हीच यादी बघून मला शांत वाटलं होतं. आता प्रत्येक नावापाशी मला एकेक रस्ता दिसत होता, आणि रस्त्याच्या मधोमध कुणीतरी. कुणी गरोदर, कुणी कुबडीवर, कुणी नुसतं वाकून चपलेचा अंगठा बघणारं. हे सगळे एकोणीस वर्षं धावत होते आणि धावणं हीच आपली चाल असं समजत होते. त्यांच्यासाठी त्या क्षणी माझ्याकडे काही नव्हतं. पण बाबांच्या नऊ सेकंदांचं मी काहीतरी करू शकत होते. टीमलीडला सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. तो चांगला मुलगा आहे, पण त्याला सरळ रेषा आवडतात, माझ्यासारख्याच. म्हणाला, "मॅडम, आत्ताच तर सगळं एकसारखं केलं. एका चौकाला वेगळा आकडा दिला तर उद्या दुसरा मागेल."

"मागू दे," मी म्हटलं.

"गाड्यांची रांग वाढेल तिथे. ते नऊ सेकंद गाड्यांकडे गेलेत, आता परत घेतले तर ओरड होईल."

"ते गाड्यांचे नव्हतेच. मी चुकून दिले."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझा आवाज चढला असावा. मला तो ओळखीचा वाटला, मैदानावरचा. मग टीमलीड सावकाश म्हणाला, "घरचं कोणी आहे का तिथे?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? घरचं कोणी नसतं तर चपलेला नवा अंगठा बसवून मी विसरूनही गेले असते, हे मला माहीत होतं, आणि ते कळणं फार सुखाचं नव्हतं. त्याने मान हलवली. संध्याकाळपर्यंत बदल गेला: कुणी काही सांगितलं नाही तर चौदा, आणि या चौकासाठी तेवीस. शेजारी मी टीप लिहिली, की हा वेळ प्रत्यक्ष उभं राहून मोजलेला आहे, हात लावण्याआधी जाऊन बघावं. झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल वेगळा लिहिला. त्यात 'सैल अटीमुळे एक अपवाद नजरेतून सुटला' असं वाक्य होतं. ते चार वेळा वाचलं. त्यात बाबा कुठेच नव्हते, आणि अहवालात ते बसलेही नसते. परत येताना आधी समोरच्या रस्त्याला गेले आणि उभी राहून तीन फेऱ्या मोजल्या. तिन्ही वेळा तेवीस. तेव्हा कुठे घरात शिरले. पण त्या संध्याकाळी मी बाबांना काही बोलले नाही. ते टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद करून, आणि मला धीर झाला नाही.

सकाळी चहा मी केला. ते टोस्ट बुडवत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, समोरचा सिग्नल मी बिघडवला होता." त्यांनी वर बघितलं. मी सांगायला लागले, आधी भराभर, मग त्यांनी हाताने थांबवलं तसं सावकाश. बारा ओळी, एकशे शहाऐंशी जागा, एक जागा वेगळी, मी एका फटक्यात सगळ्या बदलल्या, कुठलाही आकडा चालेल म्हटलं. एडिटर काय, फाइल काय, त्यांना फारसं कळलं नसावं. पण आकडे त्यांना कुणी समजावावे लागत नाहीत.

"आधी किती होते?"

"तेवीस."

"आणि नंतर?"

"चौदा."

"कधीपासून?"

"बुधवार. मागचा नाही, त्याच्या आधीचा."

टोस्ट मोडून चहात पडला. ते तो चमच्याने काढत बसले, बराच वेळ, एकेक तुकडा. मग म्हणाले, "मी वीसमध्ये जातो."

"माहितीय मला."

"पॅसेजमध्ये मोजतो रोज. पस्तीस पावलं, वीस सेकंद. एकदासुद्धा बावीसच्या वर गेलो नाही. घरात बरोबर वीस, आणि रस्त्यात अर्ध्यातच लाल." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "पाय बरोबर. मोजणं बरोबर. मग चुकतं काय? मी खूप विचार केला. मग लक्षात आलं की मधे माझे काही सेकंद जात असणार. म्हणजे मी रस्त्यात उभा असतो, पण मला ते कळत नाही. डोकं बंद पडतं आणि परत सुरू होतं. तुझ्या आजोबांचं असंच झालं होतं. बोलता बोलता थांबायचे, मग पुढे बोलायला लागायचे, आणि मधलं त्यांना ठाऊकच नसायचं. त्यांचं तिथूनच सुरू झालं." ते माझ्याकडे बघत नव्हते, कपाकडे बघत होते. "म्हणून मी गॅस पेटवत नव्हतो. कडी लावत नव्हतो. म्हटलं, आतल्या आत काही झालं तर तुला दार तरी फोडावं लागू नये."

अकरा दिवस हा माणूस या टेबलाशी बसून आपलं डोकं जातंय याची वाट बघत होता, अगदी शिस्तीत, मला त्रास होऊ नये अशी सगळी व्यवस्था लावून. आणि मी समोर बसून वय, वय म्हणत होते. मला भयंकर रडू येत होतं. पण आधी रडायचा हक्क माझा नव्हता.

"म्हणजे," बाबा म्हणाले, आणि प्रत्येक शब्द तपासून ठेवल्यासारखा ठेवत गेले, "ते नऊ सेकंद माझे गेले नव्हते?"

"नाही बाबा. ते मी घालवले. तुमचं काही गेलेलं नाही."

त्यांनी चष्मा काढला. पीटीच्या मास्तरांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. आवाज झाला नाही. दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवून ते बसले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो त्यांनी थोडा वेळ राहू दिला. मग एकदम काढून घेतला आणि आवाज चढला, तोच, खिडकीच्या काचेपर्यंत जाणारा. "एकदा तिथे जाऊन उभं राहून बघायला काय झालं होतं? समोर तर राहतेस! एकशे शहाऐंशी म्हणे. एक तरी बघितलास?"

"नाही."

"बसल्या जागी, काय दाबायचं ते दाबून मोकळी!"

"हो."

ओरडून घेतलं तसा त्यांचा चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला. मी ऐकत बसले. आयुष्यात बोलणी खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग ते उठले. बाथरूममध्ये गेले, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, खुर्चीत बसून बूट चढवायला लागले. मी वाकले तर हाताने बाजूला केलं. मी विचारलं, "मी येऊ का खालपर्यंत?" तर म्हणाले, "ऑफिस नाही का तुला?" पेपर काखेत मारला, काठी घेतली आणि दार ओढून घेतलं.

मी खिडकीशी जाणार नव्हते. गेले. पाचव्या मजल्यावरून ते लहान दिसत होते, फुटपाथच्या कडेला, काठी दोन्ही हातांनी समोर धरून. शेजारी तीन-चार माणसं उभी होती. हिरवा माणूस आला. माणसं निघाली आणि बाबा जागचे हलले नाहीत. आता ते कधीच निघणार नाहीत असं वाटलं. आकडा परत बसवता येतो, पण रस्त्याच्या मधोमध दोनदा सापडलेल्या माणसाची भीती कुठल्या फाइलमधून काढायची? त्यांची मान जराशी हलत होती, ठेक्यात, एकदा, पुन्हा एकदा. मग मला समजलं. ते मोजत होते. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसावाच. हिरवा माणूस गेला, गाड्या गेल्या. ते तिथेच उभे. दुसरी फेरी आली, तीही त्यांनी पूर्ण मोजली. कुणीतरी थांबून त्यांना काही विचारलं, हात पुढे केला. त्यांनी नकाराची मान हलवली. तिसऱ्या फेरीला हिरवा माणूस आला तशी बाबांनी काठी पुढे टाकली आणि निघाले. घाई केली नाही, मधे थांबले नाहीत, कुठे बघितलं नाही. समोरच्या फुटपाथवर चढून त्यांनी शर्ट खाली ओढून सरळ केला आणि सलूनमध्ये शिरले. रस्ता रिकामा झाला, आणि गाड्या आणखी तीन सेकंद तशाच थांबून राहिल्या.